उणे वीस

मेल आला तेव्हा मी कोल्हापूरजवळ शिरोलीत, आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये होते. जानेवारीचा पहिला आठवडा. फिनलंडच्या ग्राहकाने लिहिलं होतं की बर्फ हटवायच्या यंत्रांवर बसवलेले आपले दोन ब्रॅकेट मोडले, एकाच आठवड्यात, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर. कुणाला इजा नाही. सोबत फोटो. फोटो मोठा करून पाहिला आणि पोटात गोळाच आला. मोडलेली जागा चकचकीत दिसत होती. चांगलं एसजी आयर्न, म्हणजे वाकू शकणारं ओतीव लोखंड, मोडतं तेव्हा ते आधी वाकतं, ताणतं, आणि मोडलेली जागा मळकट, करडी, तंतूतंतूंची दिसते. चकाकी म्हणजे लोखंड न वाकता, काचेसारखं गेलं.

या ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर ग्रेड लिहिलेली आहे ईएन-जीजेएस-४००-१८-एलटी. शेवटची दोन अक्षरं कमी तापमानासाठी. अर्थ असा की याच्या नमुन्याची शार्पी टेस्ट, म्हणजे फटका मारून मोडायची चाचणी, उणे वीस अंशांवर करायची, तीन नमुन्यांची सरासरी किमान १२ जूल यायला हवी आणि एकही नमुना ९ जूलच्या खाली जाता कामा नये. मी गेली अकरा वर्षं ही टेस्ट करून सर्टिफिकेटवर सही करते आहे. या लॉटचे आकडे मला आठवत होते: १४, १३, १५. उत्तम. आणि तरी माल मोडला होता.

मालकांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. ते स्वतः कोल्हापूरच्या उद्यमनगरात साचे भरणारे मोल्डर म्हणून हातात थापी धरून वर आलेले. फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मॅडम, तुमीच जावा. लपवायचं काय नाही. जे झालंय ते सांगून यायचं, न्हाईतर शोधून यायचं."

व्हिसाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस धरावे लागतात. माझ्या बोटांचे ठसे दोन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या फाउंड्री प्रदर्शनाला जाताना घेतलेले होते, ते ५९ महिने चालतात. त्यामुळे कागदांवर भागलं: ग्राहकाचं निमंत्रणपत्र, तीस हजार युरोंचा प्रवासविमा, बँकेचं स्टेटमेंट, परतीचं तिकीट. या पंधरा दिवसांचा उपयोग मी दुसऱ्याच कामासाठी केला. त्या हीटचे, म्हणजे भट्टीत एकदम वितळवलेल्या त्या मालाचे, सगळे कागद काढले. भट्टीचं लॉगबुक, चार्जशीट म्हणजे भट्टीत काय काय टाकलं त्याची यादी, स्पेक्ट्रो या रासायनिक तपासणीच्या यंत्राचे प्रिंट, मोल्डिंगची पाळी. काहीच सापडलं नाही. सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

थंडीच्या कपड्यांबद्दल एवढंच सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नसतं तर हाल झाले असते. ग्राहकाच्या मटेरियल लॅबमधल्या बाईंनी आपणहून मेल केला होता की अंगाला लागून सुती काही घालू नका. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि बाहेर पडलं की तोच गार पडतो. आत लोकर, मग आणखी एक लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट. बूट एक नंबर मोठे, कारण दोन मोजे मावले पाहिजेत आणि बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात पाय आधी गार पडतात. सासूबाईंनी पूर्वी विणलेला मरून स्वेटर मी मधल्या थराला घातला आणि पाच दिवस तो अंगावरून उतरला नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, तिथून फ्रँकफर्ट आणि पुढे हेलसिंकी. सोमवारी दुपारी विमान खाली उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून समुद्र शोधत होते. पांढरं पठार दिसत होतं, त्यावर एक काळी सरळ रेघ. मग लक्षात आलं की पठार हाच समुद्र आहे आणि रेघ म्हणजे बर्फ फोडून जहाजांसाठी मोकळी ठेवलेली वाट. बाल्टिक समुद्रात मीठ फार कमी, म्हणून तो लवकर गोठतो. विमानतळावरून लोकल गाडी निघते आणि अर्ध्या तासात मध्यवर्ती स्टेशनात सोडते. स्टेशनच्या दारात दोन्ही बाजूंना दोन-दोन असे दगडाचे चार अजस्र पुरुष हातात दिव्याचे गोळे घेऊन उभे आहेत. हे स्टेशन एलिएल सारिनेन यांनी बांधलेलं, १९१९ साली सुरू झालेलं. मी तिथे दोन मिनिटंसुद्धा उभी राहिले नाही. दाराबाहेर पहिला श्वास घेतला आणि नाकाच्या आतले केस ताठ झाल्याचं कळलं. भिंतीवरचा आकडा उणे सतरा दाखवत होता.

कोल्हापुरात आम्ही थंडीला 'वाजते' म्हणतो. ही थंडी वाजत नव्हती. ती आधी काहीच करत नाही. दहा पावलं गेल्यावर गालाची हाडं वेगळी जाणवायला लागतात, मग मांड्यांचा पुढचा भाग, मग बोटांची टोकं दुखतात. मोबाइलची बॅटरी हातात धरल्या धरल्या चाळीस टक्क्यांवरून अकरावर आली. फुटपाथवर दगडाचा बारीक कच टाकलेला असतो, त्यावरूनच लोक चालतात. जिथे कच नाही तिथे म्हाताऱ्या बायका पाय सपाट ठेवून छोटी-छोटी पावलं टाकत होत्या. मी त्यांच्या मागून तशीच चालत हॉटेलवर पोचले.

आपल्या आणि त्यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक. त्यामुळे पहाटे चारला माझी सकाळचे साडेसात वाजल्यासारखी झोप उडाली. बाहेर खरवडल्याचा आवाज येत होता. पडदा सरकवला. खाली ट्रामच्या रुळांशेजारून पिवळा दिवा फिरवत एक यंत्र बर्फ ढकलत चाललं होतं. पुढे रुंद पातं. पातं खाली दगडाला लागलं की पूर्ण यंत्र दचकल्यासारखं हलायचं, ठक्, आणि पुढे जायचं. तो हिसका ज्या जोडावर बसतो तिथेच आमचा ब्रॅकेट असतो. ड्रॉइंगवर तो मी शेकडो वेळा पाहिलाय, त्याची मापं पाठ आहेत. मात्र तो काय काम करतो हे मी त्या पहाटे पहिल्यांदा पाहिलं. अंधारात, उणे सतरामध्ये, एका मिनिटात चार-पाच हिसके, आणि आत काचेच्या खोलीत एकटा माणूस बसलेला. यंत्र वळणाआड गेलं तरी मी उभी होते.

मंगळवारी सकाळी त्यांचा क्वालिटीचा माणूस गाडी घेऊन आला. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. पावणेनऊपर्यंत सूर्य उगवत नाही, त्यामुळे हेलसिंकीशेजारच्या वांटातल्या त्यांच्या कारखान्याला आम्ही दिवे लावूनच पोचलो. वाटेत तो फारसं काही बोलला नाही आणि मीही नाही. पहिल्यांदा वाटलं, रागावलाय. दोन दिवसांनी कळलं की तिथे गप्प बसण्याचा असा काही अर्थ नसतो. समोरच्याचं बोलणं संपल्यावरसुद्धा ते थोडा वेळ थांबतात, खरंच संपलं का ते बघतात. मी मात्र प्रत्येक थांबण्यात घाईघाईने काहीतरी भरत होते. दुपारनंतर तेही बंद केलं.

लॅब आमच्यापेक्षा मोठी नव्हती. टेबलावर पांढऱ्या कापडावर दोन्ही मोडके ब्रॅकेट मांडलेले. मेल करणाऱ्या बाई तिथेच होत्या, मेटलर्जीच्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी एका ब्रॅकेटमधून शार्पीचे तीन नमुने कापून तयार ठेवले होते आणि टेस्ट माझ्यासाठी थांबवली होती. "तुमच्या समोर मोडायचे होते," म्हणाल्या. मला ते फार बरं वाटलं. रिपोर्ट पाठवून मोकळं होता आलं असतं.

शार्पी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. नमुना म्हणजे करंगळीएवढी चौकोनी कांडी, १० बाय १० मिलिमीटर आणि लांबी ५५. मधोमध दोन मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच. कोरडा बर्फ टाकलेल्या अल्कोहोलमध्ये ती उणे वीसवर बुडवून ठेवायची, आतपर्यंत गार होऊ द्यायची. चिमटाही त्याच भांड्यात ठेवायचा, नाहीतर चिमट्याची ऊब नमुन्याला लागते. मग कांडी उचलायची, यंत्राच्या आधारांवर ठेवायची आणि वरून जड लोलक सोडायचा. बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत हे व्हायला हवं. कांडी मोडताना लोलकाची जेवढी ताकद खाते तेवढे जूल.

लोलक त्यांनी मला सोडायला दिला. चांगल्या लोखंडाचा आवाज दबका येतो, धप् असा. हा आवाज टण् आला. काट्यावर ५. दुसरी ४, तिसरी ६. माझ्या सर्टिफिकेटवर १४, १३, १५ आणि त्यांच्या टेबलावर ५, ४, ६. एकच हीट, एकच ग्रेड. मी अर्धी कांडी उचलून दिव्याखाली धरली. मोडलेल्या जागेवर बारीक बारीक पैलू चमकत होते.

त्यांनी रासायनिक तपासणीचा कागद पुढे केला. सिलिकॉन २.५८. आमच्या स्पेक्ट्रोच्या प्रिंटवर २.१८. कमी तापमानाच्या ग्रेडला सिलिकॉन खाली ठेवावंच लागतं, कारण ते वाढलं की लोखंड ठिसूळ व्हायचं तापमान वर सरकतं. खोलीच्या तापमानाला काही कळत नाही. ताकद उलट जास्तच येते. उन्हाळ्यात बसवलेला ब्रॅकेट शरद ऋतूभर नीट चालतो आणि पहिल्या कडक थंडीत, दगडावर आदळल्यावर जातो.

प्रश्न एवढाच होता की ०.४० टक्के सिलिकॉन आलं कुठून. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा एक रस निघतो, दोन लॅडल, म्हणजे ओतायच्या मोठ्या बादल्या, भरतात, आणि तपासणीचा नमुना, शार्पीच्या कांड्या कापायचा टेस्ट बार, सगळं पहिल्या लॅडलमधून. मी कोल्हापूरला फोन लावला. तिथे दुपार झाली होती. मेल्टिंगच्या सुपरवायझरला म्हटलं, त्या दिवसाच्या लॉगबुकात फक्त भट्टीतून रस किती काढला ते वाच. त्याने वाचलं, ८५० किलो. आमची लॅडल ५०० किलोची. म्हणजे पहिली पूर्ण भरली आणि दुसरीत आले ३५०.

फोन हातात असतानाच माझ्या लक्षात आलं. लॅडलच्या तळाशी आम्ही मॅग्नेशियमची मिश्रधातू टाकतो, तिच्यावर रस ओततो. त्यानेच साध्या लोखंडाचं एसजी होतं. त्या मिश्रधातूत जवळजवळ निम्मं सिलिकॉन असतं. पुड्या सकाळीच ५०० किलोच्या हिशेबाने तोलून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या लॅडललाही पूर्ण पुडी पडली, रस मात्र ३५० च. तेवढ्याच सिलिकॉनला रस कमी मिळाला. मी कागदावर आकडेमोड केली आणि उत्तर २.५ च्या आसपास आलं. बाईंनी माझा कागद ओढून घेतला, स्वतः एकदा केली, आणि पेन खाली ठेवलं.

माझं सर्टिफिकेट खोटं नव्हतं. पहिल्या लॅडलबद्दल त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण ते मी अठ्ठावीस ब्रॅकेटांना लावलं होतं, आणि त्यातले अकरा दुसऱ्या लॅडलचे होते. कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, हीट नंबर उठवलेला असतो, लॅडलचा नसतो. त्यामुळे कुठले अकरा ते सांगता येत नव्हतं. मी मालकांना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "अठ्ठावीसच्या अठ्ठावीस परत घ्या. खर्च आपला." संध्याकाळी मी ते लेखी दिलं.

बुधवार यादीत गेला. दोन मोडलेले, सतरा त्यांच्या स्टोअरमध्ये, आणि नऊ यंत्रांवर चढलेले. नऊ यंत्रं कुठली ते शोधायचं होतं. सव्वाचारला सूर्य मावळला, पाचला ऑफिस रिकामं. बाईंनी मला शहरात सोडलं आणि म्हणाल्या, हॉटेलवर बसू नका, ऊडीत जा. ऊडी हे संसदेसमोरचं सार्वजनिक वाचनालय, डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेलं. पुस्तकं वरच्या मजल्यावर आहेत. मी मधल्या मजल्यावरच अडकले, कारण तिथे शिवणयंत्रं मांडलेली होती. एक आजोबा पँटची चेन बदलत होते. शेजारी थ्रीडी प्रिंटरवर एक मुलगी कसलासा बिजागरीसारखा भाग छापत होती, मोजत होती, पुन्हा छापत होती. कुणी कुणाला उठवत नव्हतं. बाहेर उणे पंधरा आणि आत लोक स्वेटर काढून बसलेले. कोल्हापुरात आयटीआयच्या पोरांना अशी एक जागा मिळाली तर काय होईल, हा विचार मला अजून सोडत नाही.

गुरुवारी कँटीनमध्ये वाटाण्याचं घट्ट सूप आणि नंतर जॅम घातलेला पॅनकेक होता. तिथे गुरुवारी हेच असतं, ही जुनी रीत आहे. जेवण अकरा वाजता. सूप आपल्या वाटाण्याच्या आमटीच्या जवळ जाणारं, फक्त तिखटाशिवाय. वर मोहरीची चटणी घालतात. मी दोनदा घेतलं. त्या दिवशी टेबलावर पहिल्यांदा गप्पा झाल्या. क्वालिटीच्या त्या माणसाने विचारलं, तुमच्या फाउंड्रीत उन्हाळ्यात किती तापमान असतं? मी म्हटलं, भट्टीपाशी पन्नासच्या घरात, आणि रस चौदाशेला. त्याने मान हलवली, थोडा थांबला, आणि म्हणाला, त्या माणसांना आमची थंडी कशी कळणार. यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तो प्रश्न पडला होता.

संध्याकाळी नऊपैकी दोन यंत्रं शहराबाहेरच्या एका डेपोत उभी असल्याचं कळलं. आम्ही तिघे गेलो. उघडं पटांगण, खांबावर पांढरे दिवे, उणे एकोणीस. यंत्रावर बर्फाचा थर. क्वालिटीच्या माणसाने ब्रशने बर्फ झाडला, मी खाली वाकून स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला. हातमोजा जाड होता, जमेना, म्हणून उजवा काढला. रंगाखालून आधी एक आकडा आला, मग दुसरा. उठावदार अक्षरं, शिरोलीच्या पॅटर्नशॉपमध्ये, जिथे साच्याचे नमुने बनतात तिथे, कोरलेली. आमच्या पॅटर्नमध्ये सातचा आकडा किंचित तिरका आहे. तो सात मला त्या दिव्याखाली दिसला आणि डोळे भरून आले. पाणी पापण्यांवर लगेच कडक झालं. तोच हीट नंबर होता. बाईंनी माझा हात धरून हातमोज्यात घातला, बोटं पांढरी पडली होती.

डेपोतल्या ड्रायव्हरने दोन्ही ब्रॅकेट तिथेच काढून दिले. त्याला मी विचारलं की मोडला असता तर काय झालं असतं. तो म्हणाला, पातं एका बाजूने खाली पडतं आणि यंत्र त्या बाजूला ओढलं जातं. बाजूला बसस्टॉप असतो. एवढंच म्हणाला आणि नट-बोल्टचे पाने गोळा करायला लागला.

उरलेली सात यंत्रं त्यांनी पुढच्या आठवड्यात गाठली, सगळे ब्रॅकेट उतरवले. मी शुक्रवारी सकाळी निघाले. समुद्रातला किल्ला, कॅथेड्रल, काहीच पाहिलं नाही. बाईंनी निघताना रुनेबर्ग केकचा डबा दिला. दंडगोल आकाराचा, वर रास्पबेरी जॅम आणि साखरेचं कडं. त्यांच्या राष्ट्रकवीचा वाढदिवस ५ फेब्रुवारीला असतो, तेव्हा हा करतात. दुसऱ्या छोट्या पाकिटात मोडलेली अर्धी कांडी होती. ती मीच मागून घेतली होती.

सोमवारी पहिल्या पाळीला मी भट्टीवर गेले. आमच्याकडे मिश्रधातूच्या पुड्या तोलणारे एक मामा आहेत, तीस वर्षं हेच करतात. त्या दिवशी पुडी त्यांनीच टाकली होती, नियमाप्रमाणे. त्यांना कुणी काही बोललेलं नव्हतं, तरी ते सकाळपासून गप्प होते. मी कांडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात फिरवली.

"साखरेगत चमकतंय की, मॅडम."

मी त्यांना सगळं सांगितलं. पात्याचा ठक् आवाज, पहाटेचा अंधार, काचेत बसलेला माणूस, बसस्टॉप. आता क्रेनला काटा लावलाय, लॅडलमध्ये रस किती येणार ते आधी कळतं, पुडी त्यानंतर तोलायची. टेस्ट बार शेवटच्या लॅडलमधूनही ओतायचा. आणि लॅडलचा नंबर कास्टिंगवर उठणार, पॅटर्नशॉपला सांगितलंय. मामा ऐकत होते.

"त्यो गाडीवाला रोज असा एकटाच असतोय व्हय?"

"रोज. पहाटे चारला."

भट्टीवरून सुपरवायझरने ओरडून सांगितलं, दुसऱ्या लॅडलला तीनशे नव्वदच येतोय. मामांनी तयार पुडी काट्यावरून उचलली, पत्र्याच्या डब्यात परत ओतली, काटा शून्यावर आणला आणि नव्याने तोलायला बसले.